नागपुरात बातमी वाचणारे जेम्स लॉसन आणि नॅशव्हिलमधील तालीम

सीताबर्डीचा_सायकलस्वार

१९५५ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करणाऱ्या जेम्स लॉसन या २७ वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्यांनी 'नागपूर टाइम्स' उघडला आणि आपल्या देशातील मॉन्टगोमेरी शहरात लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी वाचून ते टाळ्या पिटत उठले, असे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. कोरियन युद्धासाठी सक्तीने सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे १३ महिने तुरुंगात काढून ते १९५३ मध्ये आपल्याकडे आले होते. १९५६ मध्ये ते परतले, पुढच्या वर्षी ओहायोत मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले, आणि किंग यांनी त्यांना शिक्षण पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच दक्षिणेत येण्याचा आग्रह केला. लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले. तेथे त्यांनी चर्चमध्ये विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे जे शिक्षण दिले, त्यातून डायअॅन नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट अशी नागरी हक्क कार्यकर्त्यांची एक पिढीच घडली.

मी नागपुरात वाढलो. त्या महाविद्यालयावरून कित्येक वर्षे सायकलने गेलो, पण हे नाव मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले. म्हणून हा धागा काढतो आहे. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ म्हटली की आपल्याला बसमधील जागेवरून न उठलेल्या रोझा पार्क्स आठवतात आणि १९६३ चे वॉशिंग्टनचे भाषण आठवते. या दोन क्षणांच्या मधल्या तयारीविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. ही चळवळ तयारीने जिंकली, की वेळ आल्यावर सापडलेल्या संधीने? आणि लॉसन यांनी नागपुरातून नेमके काय नेले?

पाटीपेन्सिल

पहिल्या प्रश्नावर माझे मत तयारीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण थोडे वैयक्तिक आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करण्याचे काम माझ्याकडे असे. स्टेन्सिल फाटणे, शाई मनगटापर्यंत येणे, दोनशे प्रती झाल्या की यंत्राने रुसून बसणे, हे सर्व मी भोगले आहे. म्हणून १ डिसेंबर १९५५ च्या रात्री मॉन्टगोमेरीत जो अॅन रॉबिन्सन यांनी काय केले ते वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत असत. रोझा पार्क्स यांना अटक झाल्याचे कळल्यावर त्या मध्यरात्री महाविद्यालयात गेल्या, आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने त्यांनी सोमवारी बसमध्ये बसू नका असे सांगणारी हजारो पत्रके छापली. एका कागदावर तीन पत्रके बसवून ती कापायची, गठ्ठे बांधायचे, आणि सकाळी आपला तास घेऊन मग वाटायला निघायचे, असा तो क्रम होता. पत्रके कोठे द्यायची याची यादी आधीपासून तयार होती, कारण विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही त्यांची संस्था १९४६ पासून काम करत होती. रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. म्हणजे पार्क्स उठल्या नाहीत त्याच्या दीड वर्ष आधी! पार्क्स स्वतःही केवळ थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई नव्हत्या. त्या अनेक वर्षे एनएएसीपी या हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या.

हुरडा

आमच्या शहरातील नागरिकही गेली कित्येक वर्षे बसविना पायी चालत आहेत. फरक एवढाच की त्यासाठी आम्हाला पत्रके वाटावी लागली नाहीत, बस स्वतःहून येत नाही.

वकीलसाहेब

पाटीपेन्सिल ताई, तुमचा प्रतिसाद आवडला, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. मॉन्टगोमेरीतील बहिष्कार ३८१ दिवस चालला हे सर्वजण सांगतात, पण तो कशाने संपला हे कोणी सांगत नाही. महापालिका शेवटपर्यंत नमली नाही. उलट बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या आंदोलकांच्या मोटारींच्या व्यवस्थेलाच शहराने न्यायालयात खेचले, आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयात ती व्यवस्था बंद करण्याच्या अर्जावर सुनावणी चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आल्याची बातमी बहिष्काराचे नेते किंग यांच्या हाती पडली. ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्यात बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. हा निर्णय आणखी महिनाभर उशिरा आला असता तर मोटारी बंद, लोक थकलेले आणि हिवाळा तोंडावर, अशी अवस्था झाली असती.

सुरुवातीच्या मागण्याही पाहा. चालकांनी सौजन्याने वागावे. गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून अशा क्रमाने येईल त्याला जागा मिळावी. कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. वर्णभेद रद्द करा ही मागणी त्यात नव्हतीच. ती खटल्यात होती. म्हणून माझे मत असे की रस्त्यावरच्या आंदोलनाला आपण जरा जास्त श्रेय देतो आणि थरगूड मार्शल यांच्यासारख्या वकिलांच्या वीस वर्षांच्या चिकाटीला कमी.

गोदाकाठ

वकीलसाहेब, खटला महत्त्वाचा होता यात शंका नाही, पण निकाल आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते हे त्याच वकिलांच्या सर्वांत मोठ्या विजयातून दिसते. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निर्णय १७ मे १९५४ चा. त्यानंतर दहा वर्षांनीही यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेतील राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ पासून पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या, पण मुलांना एकत्र बसू दिले नाही.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली, आणि त्यानंतरही दावा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. कागद आणि रस्ता यांपैकी एकालाच श्रेय देणे मला तरी जमत नाही.

वकीलसाहेब

महाडचा दाखला मान्य. मात्र तुम्हीच दिलेल्या उदाहरणात शेवट उच्च न्यायालयात झाला, हे नम्रपणे नोंदवतो.

चुलीवरची_भाकरी

कागद आणि रस्ता झाला, आता स्वयंपाकघराचे बोला. मोटारींची जी व्यवस्था वकीलसाहेब सांगतात तिला पेट्रोल लागत होते, आणि पेट्रोलला पैसे. शेकडो मोटारी, ठरलेले थांबे आणि वर्षभर रोज कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची ने-आण. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीचालक बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटांत, लोकांना नेत होते, तर शहराने किमान भाड्याचा नियम पुढे करून तेही बंद पाडले. मोटारींचे विमे एकामागून एक रद्द झाले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्समधून विमा मिळवावा लागला.

जॉर्जिया गिलमोर नावाच्या एका स्वयंपाकीण बाईंनी शेजारच्या बायका जमवून कोंबडीचे सँडविच, मासे, केक, 'पाय' ही भरलेली पेस्ट्री असे पदार्थ घरी करून विकायला सुरुवात केली आणि दर आठवड्याच्या सभेत ती रक्कम जमा केली. त्या गटाचे नाव 'कुठूनच नाही मंडळ' अशा अर्थाचे होते. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर खरे उत्तर द्यायचे, 'कुठूनच नाही'! यातील अनेक बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, त्यामुळे नाव फुटले तर नोकरी जाण्याची भीती होती. गिलमोर यांनी बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात उघड साक्ष दिली आणि त्यांची स्वतःची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरातच खानावळ चालवली.

माझ्या सासूबाई गिरणगावात खानावळ चालवत. संपाच्या काळात उधारीच्या वहीत किती नावे होती ते त्या शेवटपर्यंत सांगत नसत. त्यामुळे हे मंडळ मला फार ओळखीचे वाटले.

सीताबर्डीचा_सायकलस्वार

भाकरी ताई, हा प्रतिसाद आल्यामुळे धागा काढल्याचे सार्थक झाले.

आता नॅशव्हिलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा प्रश्न मुळात तेथूनच आला. लॉसन यांच्या वर्गात आधी वाचन आणि चर्चा असे. गांधी, थोरो, बायबल, सर्व काही. पण खरा भाग तालमीचा. काही विद्यार्थी उपाहारगृहाच्या काउंटरवर बसल्यासारखे रांगेत खुर्च्यांवर बसत, आणि बाकीचे त्यांचेच मित्र गोऱ्या गुंडांची भूमिका घेऊन त्यांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्ची खेचून पाडत. मारहाण झाली तर डोके कसे झाकायचे, पडलेल्या सोबत्याच्या आणि मारणाऱ्याच्या मध्ये आपले अंग कसे घालायचे, मारणाऱ्याच्या डोळ्यांत का पाहायचे, याचा सराव पुन्हा पुन्हा होत असे. ज्याला आपण उलटून हात उचलू अशी शंका वाटे, त्याला काउंटरवर बसण्याऐवजी दुसरे काम दिले जाई.

उपाहारगृहांचे काउंटरच का निवडले, याचे उत्तरही चर्चेतून मिळाले. शहरातील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय बायका खरेदी करू शकत, पैसे मोजू शकत, पण थकलेल्या मुलाला घेऊन तेथे घटकाभर बसू शकत नसत. ही तक्रार त्या सभांना येणाऱ्या बायकांनी मांडली होती. १९५९ च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी दोन दुकानांत चाचणीही घेतली. जागा मागितली, नकार ऐकला, कारण विचारले आणि शांतपणे बाहेर आले. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले आणि बातमी सर्वत्र पसरली, तेव्हा नॅशव्हिलची मुले आधीच तयार होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी शहरातील दुकानांत जाऊन बसले. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून ८१ विद्यार्थ्यांना अटक केली. एक तुकडी उचलली की दुसरी तुकडी येऊन त्याच खुर्च्यांवर बसत होती. दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. पुढे ईस्टरच्या ऐन खरेदीच्या दिवसांत कृष्णवर्णीय ग्राहकांनी त्या दुकानांकडे पाठ फिरवली.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता महापालिकेवर चालत गेले, आणि पायऱ्यांवर २१ वर्षांच्या डायअॅन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले की केवळ रंगावरून भेदभाव करणे योग्य आहे असे तुम्हाला वाटते का. वेस्ट यांनी माणूस म्हणून उत्तर दिले, की योग्य वाटत नाही. १० मे रोजी नॅशव्हिलच्या काउंटरांवर कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात झाली. लॉसन यांना मात्र त्याआधी मार्चमध्येच ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले होते.

तर्कट

सर्व प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु येथे अहिंसेची आरती सुरू झाल्यासारखे वाटते म्हणून थोडा खडा टाकतो. १९५६ मध्ये किंग यांच्या घरावर बॉम्ब पडल्यानंतर त्यांच्याच घरात बंदुका होत्या, आणि चळवळीचे संघटक बायर्ड रस्टिन तेथे गेले तेव्हा त्या पाहून चकित झाले होते. ग्रामीण मिसिसिपीत कार्यकर्ते ज्या शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करत, ते शेतकरी रात्रभर बंदूक घेऊन ओसरीवर बसत. लुइझियानात १९६४ मध्ये 'डीकन्स फॉर डिफेन्स' नावाची सशस्त्र पहाऱ्याची संघटनाच निघाली, आणि तिचे सदस्य बहुतांशी महायुद्ध किंवा कोरियाच्या युद्धातून परतलेले सैनिक होते. काउंटरवर छायाचित्रकार असतात, म्हणून तेथे मार खाण्याला अर्थ असतो. काळोख्या कच्च्या रस्त्यावर तो नसतो. नॅशव्हिलची तालीम शहरासाठी होती, हे मान्य करायला हवे.

शब्दवेडी

तर्कट यांच्या मुद्द्याला जोडून एक गंमत सांगते, जी मराठी वाचकांना विशेष भावेल. अलाबामातील लाउन्डेस परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण १९६५ च्या आरंभी मतदार यादीत त्यांचे जवळजवळ एकही नाव नव्हते. स्टोकली कार्मायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्थानिक लोकांबरोबर स्वतंत्र पक्ष उभा केला. अलाबामात निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला मतपत्रिकेवर चित्र द्यावे लागे. प्रस्थापित डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा होती. नव्या पक्षाने झेप घेणारा काळा बिबट्या, म्हणजे 'ब्लॅक पँथर', निवडला. त्यावरून १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी हे नाव घेतले, आणि त्यावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर. म्हणजे अलाबामाच्या कापसाच्या शेतांत निरक्षर मतदारांसाठी काढलेले निवडणूक चिन्ह सहा-सात वर्षांत कामाठीपुरा आणि वडाळ्यापर्यंत पोहोचले.

मला वाटते, सायकलस्वार यांनी नागपूर ते नॅशव्हिल हा प्रवास सांगितला, हा त्याचा परतीचा प्रवास झाला.

गोदाकाठ

शब्दवेडी ताई, त्याआधीचीही एक फेरी आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या हार्लेमच्या अगदी शेजारी. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांसाठी तसाच मार्ग अवलंबण्याचा विचार चालू होता. डुबॉइस यांनी लगेच उत्तर दिले आणि आपण आंबेडकरांचे नाव जाणतो असेही कळवले. लॉसन नागपूर सोडून परतले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच शहरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. गांधी शिकायला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतो, आणि त्याच गावात लाखो लोक गांधींपेक्षा वेगळी वाट घेतात.

एडिसनकर

मी अमेरिकेत १९९४ पासून राहतो. एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत वर्षाला जेमतेम १०० जागा मिळत होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या स्थलांतर कायद्यावर सही केली, त्याने देशावरून ठरणारे हे कोटे रद्द झाले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ च्या ऑगस्टमधील मताधिकार कायदा यांच्या पाठोपाठ, त्याच वातावरणात तो मंजूर झाला. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी 'आम्ही स्वकष्टाने येथवर आलो' असे एक तरी भाषण होते. कष्ट खरेच असतात, मी नाकारत नाही. पण एकदा मी ही तारीख सांगितली तर पुढच्या वर्षी मला सूत्रसंचालनाऐवजी वाहनतळावर उभे केले.

हुरडा

एडिसनकर, वाहनतळावरूनही चळवळ चालते, वर मोटारींच्या व्यवस्थेचा प्रतिसाद पाहावा.

मावळतीचा_वारा

मूळ प्रश्नाकडे वळतो आणि थोडा कटू बोलतो. तयारी, शिस्त, तालीम हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण तयारी करणारा कोणाला पुढे करायचे हेही ठरवतो. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच मॉन्टगोमेरीत १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिन या मुलीने बसमधील जागा सोडण्यास नकार दिला होता. पोलिसांनी तिला ओढत नेले. पुढाऱ्यांनी तिचे प्रकरण चळवळीचा चेहरा करायचे नाही असे ठरवले. ती वयाने लहान होती, गरीब वस्तीतील होती, तापट समजली जात होती, आणि पुढे त्याच वर्षी ती गरोदर राहिली. वकीलसाहेब ज्या ब्राउडर खटल्याचे कौतुक करतात, त्यातील चार फिर्यादींपैकी एक हीच कॉल्व्हिन होती. म्हणजे न्यायालयात तिचे नाव चालले, पण व्यासपीठावर नाही.

बायर्ड रस्टिन यांचेही तसेच. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, सुमारे अडीच लाख माणसे, प्रत्यक्ष उभा केला त्यांनी. पण ते समलैंगिक असल्यामुळे वरिष्ठांनी त्यांना मागे ठेवले. प्रमुख भाषणे सगळी पुरुषांची झाली, त्याबद्दल आयोजकांपैकी अॅना हेजमन यांनी आधीच आक्षेप घेतला होता. तेव्हा तयारीने चळवळ जिंकली असे म्हणताना त्या तयारीने कोणाला दाराबाहेर ठेवले तेही लिहावे.

चुलीवरची_भाकरी

मावळतीचा वारा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तरीही रस्टिन यांच्याविषयी एक अवांतर. अडीच लाख माणसे ऑगस्टच्या उन्हात येणार, तर त्यांनी काय खायचे याचाही विचार त्यांनी केला होता. सँडविचमध्ये मेयोनेझ नको, उन्हात ते बिघडेल आणि लोकांची पोटे बिघडतील, अशी सूचना दिली गेली. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८० हजार डबे भरले, त्यात चीजचे सँडविच, केकचा तुकडा आणि एक सफरचंद. शौचालये किती, नळ किती, तेही मोजलेले. मोठे लग्न ज्याने काढले आहे त्याला या माणसाची योग्यता कळेल.

वकीलसाहेब

कॉल्व्हिन यांच्याबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे. वकील नेहमीच 'चांगला अशील' शोधतात, आणि त्यात अन्याय होतो, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून कबूल करतो. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. कॉल्व्हिन यांना बाजूला ठेवण्याचा निर्णय केवळ सोवळेपणाचा नव्हता. त्यांच्यावरील आरोपांपैकी वर्णभेदाच्या नियमभंगाचा आरोप अपिलात वगळला गेला आणि पोलिसावर हात उगारल्याचा तेवढा राहिला, त्यामुळे त्या प्रकरणातून मूळ नियमाला आव्हान देता येत नव्हते. दोन्ही कारणे एकत्र होती.

मावळतीचा_वारा

दुरुस्ती मान्य, परंतु पोलिसावर हात उगारल्याचा आरोप कोणावर टिकतो आणि कोणावर नाही, हेही आपण दोघे जाणतो.

सीताबर्डीचा_सायकलस्वार

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता मला मी विचारला होता तितके सोपे वाटत नाही. दुसऱ्याकडे मात्र अजून कोणी वळलेले नाही. लॉसन यांनी नागपुरातून काय नेले?

पाटीपेन्सिल

मी प्रयत्न करते. सरळ उत्तर, म्हणजे 'ते भारतात येऊन अहिंसा शिकले', मला चुकीचे वाटते. युद्धाला नकार देऊन ते तुरुंगात गेले ते येथे येण्याच्या आधी, म्हणजे मूळ पिंड तयारच होता. गांधीजींविषयी कृष्णवर्णीय अमेरिकन समाजात त्याआधी वीस वर्षे बोलले जात होते. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले होते, आणि किंग यांच्या महाविद्यालयाचे पुढे अध्यक्ष झालेले बेंजामिन मेज वर्ध्याला.

लॉसन स्वतः याचे मूळ आणखी मागे नेत. ओहायोतील मॅसिलॉन गावी लहानपणी एका गोऱ्या मुलाने त्यांना मोटारीतून वांशिक शिवी दिली, तेव्हा त्यांनी जाऊन त्याला थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला अभिमानाने सांगितले. आई स्वयंपाक करत होती. तिने मागे वळूनही न पाहता विचारले की त्याने काय साधले. ती पुढे बराच वेळ बोलत राहिली, आणि आपण हात न उचलता मार्ग शोधायचा हे त्या दिवशी ठरले, असे ते सांगत.

मग नागपूर कुठे आले? माझा तर्क असा की ज्या देशात हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला गेला आणि ज्याने राज्य उलथले, तेथे तीन वर्षे राहिल्यावर तो मार्ग पुस्तकातला राहिला नाही. सत्याग्रहींची शिबिरे, प्रतिज्ञा, कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणाला नाही याची निवड, हे सांगणारी माणसे त्या वेळी जिवंत होती आणि विदर्भात तर घरोघर होती. नॅशव्हिलच्या तालमीत मला ते दिसते. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

तर्कट

हे पटण्यासारखे आहे. आणि लॉसन तेथेच थांबले नाहीत हेही सांगायला हवे. १९६८ मध्ये ते मेम्फिसमध्ये धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत शिरले असताना तिच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द असलेले फलक गळ्यात घालून ते रोज रस्त्याने चालत. संपाच्या समितीचे नेतृत्व लॉसन यांच्याकडे होते, आणि किंग यांना मेम्फिसला बोलावले ते त्यांनीच. ४ एप्रिलला किंग यांची तेथे हत्या झाली, १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली.

एडिसनकर

लॉसन २०२४ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला वारले, वयाच्या ९५ व्या वर्षी. व्हँडरबिल्टने त्यांना २००६ मध्ये सन्मानाने शिकवायला परत बोलावले होते, आणि ते गेलेही.

सीताबर्डीचा_सायकलस्वार

सर्वांचे आभार. पाटीपेन्सिल ताईंच्या तर्काला पुरावा मिळतो का ते पाहण्याची इच्छा आहे. १९५३ ते १९५६ या काळातील 'नागपूर टाइम्स'चे अंक कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळतील, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. निदान डिसेंबर १९५५ ची ती बातमी कोणत्या पानावर, किती ओळींची होती, एवढे तरी डोळ्यांनी पाहावे म्हणतो.

चुलीवरची_भाकरी

माझे धाकटे दीर नागपुरातील एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांच्याकडे बांधीव खंड आहेत असे ते म्हणतात, पण वाळवीने काही वर्षे खाल्ली आहेत. कोणती वर्षे वाचली ते रविवारी विचारून येथे लिहिते.